‘घरचं ताजं खा’ म्हणणं सोपं. पण करायचं कुणी?



बीपी, शुगर, थायरॉईड, ॲसिडिटी यांवर मी इथे बरंच लिहिलं आहे. आज औषधांबद्दल फारसं नाही, स्वयंपाकघराबद्दल लिहिणार आहे. तेही माझ्या स्वतःच्या. त्यात माझी एक मोठी चूक आहे. ती सांगायला थोडा संकोच वाटतो. पण तुमच्यापैकी कुणाच्या घरी ती टळणार असेल तर सांगितलेलीच बरी.

सुरुवात माझ्या एका पेशंटपासून करतो. या बाई एसटीत कंडक्टर आहेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय ४६, सात वर्षांपासून डायबेटिस. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली, ती ९.२ आली. मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी लिहिली आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, “वडापाव, भजी बंद. घरचं, ताजं, कमी तेलाचं खायचं.”

त्या शांतपणे म्हणाल्या, “साहेब, पहाटे साडेचारला डेपोत हजर व्हायचं असतं. घरचं ताजं करायचं कुणी?”

मी हसून म्हणालो, “थोडं लवकर उठायचं.” आणि बेल वाजवून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्या वाक्याची लाज मला दोन वर्षांनी वाटली.

आमच्या घरी काय झालं

आम्ही बार्शीला राहतो. घरात मी, माझी बायको आणि माझी ८१ वर्षांची आई. मुलगा पुण्याला शिकतो. भांडी घासायला मावशी येतात, पण स्वयंपाक सगळा हिच्याकडे. पंचवीस वर्षं दुपारी दोनला मी दवाखान्यातून आलो की ताट वाढलेलं असायचं. ते कसं येतं याचा मी कधी विचार केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी एप्रिल संपता संपता ही ओट्यापाशी घसरून पडली. फोडणी देताना तेलाचे चार थेंब खाली उडाले होते, त्यावर पाणी सांडलं आणि पाय सरकला. हात टेकला, मनगटाजवळचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. उजवा हात.

जाता जाता डॉक्टर म्हणून एक सांगतो. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं हाड नुसतं उभ्याउभ्या पडून मोडलं, तर प्लास्टर काढल्यावर विषय संपत नाही. हाडांची घनता तपासून घ्यावी. मनगटाचं फ्रॅक्चर ही बऱ्याचदा ठिसूळ हाडांची पहिली सूचना असते.

पहिले तीन दिवस बाहेरून डबा आणला. भाजीवर तेलाचा तवंग, आमटी खारट. आईला बीपी आहे. तिला ते जेवण जाईना. चौथ्या दिवशी मी म्हणालो, “मी करतो.” ही प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली. मी एमबीबीएस, एमडी, आणि कुकरमध्ये पाणी किती घालायचं हे मला माहीत नव्हतं.

पहिला धडा: स्वयंपाक म्हणजे फक्त शिजवणं नाही

खिचडी दोन दिवसांत जमली. जे जमेना ते वेगळंच होतं. उद्या काय करायचं हे आज ठरवणं. मटकी रात्रीच भिजत घालणं. कोथिंबीर कालची आहे, ती आज संपवणं. दूध तापवणं, विरजण लावणं. शेंगदाण्याचं कूट संपत आलंय हे संपायच्या आधी लक्षात येणं. ही या सगळ्या गोष्टी डोक्यात ठेवून शाळेत नोकरीही करत होती आणि मला वाटायचं, तासाभराचं तर काम आहे.

तेव्हा मला कळलं की “घरचं ताजं खा” हा मी पेशंटला दिलेला सल्ला नसतोच. तो बहुतेक वेळा दवाखान्यात हजर नसलेल्या एखाद्या बाईला दिलेला हुकूम असतो. आणि पेशंट स्वतःच ती बाई असेल, तर तो तिच्या डोक्यावरचा आणखी एक भार असतो.

दुसरा धडा: माझ्याच हातून आई आजारी पडली

मे महिन्यातला रविवार. मुलगा घरी आला होता, म्हणून भात जास्त लावला. तो न जेवताच मित्रांकडे गेला आणि तिथूनच रात्रीच्या बसने पुण्याला. अर्धा कुकर भात उरला. मी झाकण लावलं आणि कुकर तसाच ओट्यावर ठेवून झोपलो. बार्शीतल्या मेमधली रात्र कशी असते ते इकडच्या लोकांना सांगायला नको.

सकाळी मला हुशारी सुचली. भात वाया कशाला घालवायचा? मोहरी, कढीपत्ता, शेंगदाणे घालून छान फोडणीचा भात केला, चांगला वाफवला. आईला आवडतो म्हणून तिला बशीभर दिला. हिने आदल्या रात्रीची भाकरी आणि दूध घेतलं. मी घाईत चहाबरोबर टोस्ट खाऊन निघालो.

साडेदहाला घरून फोन आला. आईला उलट्या सुरू झाल्या होत्या. मी पोचेपर्यंत पाच झाल्या. जीभ कोरडी, हात गार, बीपी ९० वर ६०. सकाळची बीपीची गोळी पोटात गेलेलीच होती. वय ८१. मित्राच्या हॉस्पिटलमध्ये नेऊन सलाईन लावलं. एक रात्र ती तिथे होती.

तिथल्या तरुण डॉक्टरने रीतीप्रमाणे विचारलं, “आजींनी सकाळी काय खाल्लं? कधीचं होतं? कुणी केलं होतं?”

हे प्रश्न मी हजारो वेळा विचारले आहेत. त्या दिवशी उत्तर मला द्यायचं होतं. “फोडणीचा भात. कालच्या रात्रीचा. मी केला.”

आई दुसऱ्या दिवशी घरी आली. येताना गाडीत म्हणाली, “अरे, शिळा भात आम्ही जन्मभर खाल्ला. तू कशाला जिवाला लावून घेतोस?” ती मला समजावत होती. पण मला कारण माहीत होतं, आणि ते तुम्हालाही माहीत असावं म्हणून सांगतो.

भाताचं नेमकं काय होतं?

तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे कवचात झोपलेला जंतू. भात शिजतो तेव्हा इतर बरेच जंतू मरतात, पण हे कवच उकळत्या पाण्यातही टिकू शकतं. नंतर भात कोमट झाला की जंतू जागा होतो आणि वाढायला लागतो. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा सगळा पट्टा जंतूंच्या सोयीचा. त्यात भात जितका वेळ राहील तितका धोका जास्त.

वाढताना हा जंतू एक विष तयार करतो आणि हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. म्हणून “चांगलं वाफवून घेतलं” याला काही अर्थ उरत नाही. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांत उलट्या होतात. आईला दोन तासांत झाल्या.

मी तीन चुका केल्या होत्या. एक, भात जास्त. दोन, जाड बुडाच्या कुकरमध्ये झाकण लावून ठेवला, त्यामुळे तो कित्येक तास कोमटच राहिला. तीन, बारा तास बाहेर. भाताला वासही आला नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण आपण सगळे नाकावर विश्वास ठेवतो. विटलेलं अन्न नाकाला कळतं, विषारी झालेलं दर वेळी कळतंच असं नाही.

मग शिळा भात खायचाच नाही का? खायचा. फक्त उरलेला भात पसरट भांड्यात काढा म्हणजे लवकर निवेल, आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी एकदाच, पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करा आणि संपवा. हाच नियम डाळ, उसळ, उकडलेले बटाटे आणि मटण-चिकनच्या रश्शाला. फ्रिज नसेल तर भात एका वेळेपुरताच लावायचा. रात्रीसाठी भाकरी टिकते, भात टिकत नाही.

घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर घरगुती जलसंजीवनी लक्षात ठेवा: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चहाचा चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको. घोट घोट, सारखं देत राहा. डायबेटिस असला तरी पाणी कमी झालेल्या माणसाला हे देतात. साखर मात्र तपासत राहा. मेडिकलमधली ओआरएसची पुडी मिळाली तर ती उत्तमच. म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, लघवी कमी झाली, गुंगी आली, रक्त पडलं, ताप आला किंवा पाणीही ठरत नसेल, तर घरी थांबू नका. आणि बीपीच्या, शुगरच्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या की नाही हे आपल्या डॉक्टरांना फोन करून विचारा. उलट्या होत असताना त्या तशाच चालू ठेवणं कधीकधी महागात पडतं.

तिसरा धडा: मीठ आणि तेल महिन्यावर मोजा

“मीठ कमी खा” हे मी रोज वीस जणांना सांगतो. पण फोडणीच्या वेळी चिमूट हातात असताना कमी म्हणजे किती, हे मलाच कळेना. मोजायचं कसं? शेवटी हिने किराणाची वही काढली. एक किलो मिठाची पुडी आमच्याकडे साधारण महिनाभर जात होती.

आता हिशेब करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. आम्ही तिघं. तीन माणसं, ५ ग्रॅम, ३० दिवस: ४५० ग्रॅम. म्हणजे एक किलोची पुडी दोन महिने तरी पुरायला हवी. डॉक्टरच्या घरी, बीपीचा पेशंट घरात असताना, दुप्पट मीठ जात होतं. शिवाय लोणचं, पापड आणि फरसाण यांतलं मीठ वेगळंच.

त्या दिवसापासून पुडी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची असं ठरवलं. तुम्हीही लिहा. तेलाचंही तसंच. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर हा सोपा हिशेब धरा. चार माणसांचं घर असेल तर दोन लिटर. त्यात तूप-लोणीही आलं. तळणीचं उरलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

मीठ कमी केल्यावर पहिले पंधरा दिवस जेवण अळणी लागतं. मग जिभेला सवय होते. लिंबू, आमसूल, जिरेपूड, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, लसूण यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. ताटावर मिठाची बशी ठेवणं मात्र बंद.

मला जमलेला रोजचा स्वयंपाक

मी काही पाककृतींचा लेख लिहीत नाही. पण ज्यांना काहीच येत नाही, त्यांनी चार गोष्टी शिकल्या तरी घर चालतं, एवढं अनुभवाने सांगतो.

मुगाची खिचडी: एक वाटी तांदूळ, एक वाटी मूगडाळ, धुवून घ्या. कुकरमध्ये दोन चमचे तेल, जिरं, हिंग, हळद, मिरची. त्यात गाजर, दुधी, मटार, पालक, घरात जे असेल ते दोन वाट्या. डाळ-तांदूळ परतून पाच-सहा वाट्या गरम पाणी, मीठ एक लहान चमचा. तीन शिट्ट्या. तीन माणसांचं जेवण अर्ध्या तासात. सोबत काकडीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर आणि ताक.

पिठलं: कांदा, लसूण, मिरचीच्या फोडणीत पाणी उकळायचं आणि पाण्यात कालवलेलं बेसन ओतून गुठळ्या होऊ न देता ढवळायचं. झाकण ठेवून चांगली वाफ आणायची, बेसन कच्चं राहू द्यायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं.

मोडाची उसळ: मटकी सकाळी भिजवा, रात्री फडक्यात बांधा. आमच्याकडे उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात. मोड आले की लगेच फ्रिजमध्ये. म्हातारी माणसं, गरोदर बायका आणि लहान मुलांना मोड कच्चे देऊ नका, शिजवूनच द्या.

थालीपीठ: भाजणीचा डबा भरलेला असला की कांदा-कोथिंबीर घालून, ओल्या फडक्यावर थापून तव्यावर. भाकरी न येणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हे वरदान आहे. (भाकरी मला अजूनही गोल येत नाही. आई म्हणते, महाराष्ट्राचा नकाशा येतो.)

डायबेटिस असलेल्यांनी वाढून घेताना एवढंच बघायचं: अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ किंवा उसळ, पाव ताट भाकरी किंवा भात. भाकरी आणि भात दोन्ही हवं असेल तर दोन्ही निम्मं.

स्वयंपाकघराची देखभाल: हीसुद्धा आरोग्यतपासणीच

आपण स्वतःची वर्षातून एकदा तपासणी करतो. स्वयंपाकघराची करत नाही. मी आता महिन्याच्या पहिल्या रविवारी पंधरा मिनिटं ही करतो:

१. कुकर. झाकणातली वाफेची नळी उजेडाकडे धरून बघा, आरपार दिसली पाहिजे. डाळीचा कण अडकला असेल तर काडीने काढून धुवा. रिंग धुवून कोरडी ठेवा. कडेने वाफ जायला लागली, रिंग कडक झाली की बदला. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून थेट कुकरमध्ये लावताना पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला तर त्याच कंपनीचा बसवा, दुसरं काही ठोकून बसवू नका. आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण ओढू नका. तोंड-छाती भाजलेले पेशंट मी पाहिले आहेत.

२. गॅसची नळी. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की चांगली दिसत असली तरी बदला. रात्री रेग्युलेटर बंद करा. गॅसचा वास आला तर दिव्याचं कुठलंच बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या आणि फोन बाहेरून करा.

३. फडकी आणि घासणी. घरातली सगळ्यात अस्वच्छ वस्तू बऱ्याचदा ओटा पुसायचं ओलं फडकं असते. हात पुसायचं वेगळं, ओट्याचं वेगळं. रोज साबणाने धुवून उन्हात वाळवा. घासणी सिंकमध्ये पाण्यात पडू देऊ नका. पिळून उभी ठेवा आणि झिजली की टाकून द्या.

४. फ्रिज. कोंबू नका, थंड हवा फिरली पाहिजे. शिजवलेलं झाकून वरच्या कप्प्यात, कच्चं मटण-मासे घट्ट झाकणाच्या डब्यात सगळ्यात खाली. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज सरकून बाहेर आला तर रबर सैल झालंय.

५. डब्यातले शेंगदाणे, खोबरं, पिठं. बुरशी दिसली किंवा शेंगदाणा खवट, कडू लागला तर निवडत बसू नका, टाका. बुरशीचं विष लिव्हरला घातक असतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही.

६. सुरी आणि पाट. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, म्हणून तीच जास्त कापते. धार लावून घ्या. मांसाहारी असाल तर कच्च्या मटणाचा पाट वेगळा ठेवा.

७. जमीन. तेल सांडलं की नुसतं पुसू नका, साबणाच्या पाण्याने पुसा आणि कोरडं करा. फोडणी जळत असेल तर आधी गॅस बंद करा, पण जमीन तशीच सोडू नका. हे आमच्या घरी सहा आठवडे प्लास्टर घालून शिकलंय.

यातलं काहीही खर्चिक नाही. पण हे कुणाचंच काम नसतं, म्हणून राहून जातं.

मग कंडक्टर बाईंचं काय झालं?

हिचं प्लास्टर निघालं. स्वयंपाकघर पुन्हा पूर्ण तिच्या गळ्यात पडू नये असं आम्ही ठरवलं. रात्रीचं जेवण आणि उरलेलं आवरणं माझ्याकडे आलं. झोपण्याआधी ओट्यावर शिजवलेलं काही उरलंय का हे मी बघतो. सुरुवातीला ही एकदा तपासून जायची. आता जात नाही, याला मी माझं सर्टिफिकेट समजतो.

दवाखान्यातही एक बदल केला. शुगर-बीपीच्या प्रत्येक पेशंटला मी आता विचारतो, “घरी स्वयंपाक कोण करतं? किती वाजता? मदतीला कोण असतं?” हे उत्तर मिळाल्याशिवाय आहाराबद्दल एक शब्द बोलत नाही.

त्या बाई फेरतपासणीला आल्या तेव्हा मी आधी माफी मागितली. त्या गोंधळल्याच. मग त्यांच्या ड्युटीचं वेळापत्रक समोर घेऊन आम्ही बसलो. पुढच्या खेपेला मी त्यांच्या मिस्टरांनाही बोलावलं. ते मार्केट यार्डात कामाला आहेत, सकाळी नऊला निघतात. त्यांना म्हणालो, “मला पन्नाशीत जमलं. तुम्हाला का जमणार नाही?”

ठरलं ते असं. दुपारच्या डब्यात ओलं, पातळ काही नाही, कारण पहाटे भरलेला डबा चाळीस अंशांच्या उन्हात दुपारपर्यंत बसमध्ये फिरतो. भाताचा धडा इथेही लागू. म्हणून भाकरी, कमी मिठाची शेंगाचटणी, आख्खी काकडी, एखादा पेरू, मूठभर फुटाणे. कडक भाकरी सोलापूर भागात पूर्वापार आहे. ती दिवसचे दिवस टिकते. सुट्टीच्या दिवशी करून ठेवायची. सुकी भाजी न्यायचीच तर निघण्याआधी ताजी करून आणि सकाळच्या पहिल्या थांब्याला खाऊन टाकायची. डाळ, उसळ, पालेभाजी रात्री घरी. भाजी निवडणं-चिरणं आणि कुकर लावणं मिस्टरांकडे. मटकी भिजवणं अकरावीतल्या मुलीकडे. भाकरी मात्र बाईंकडेच राहिली, कारण घरात दुसऱ्या कुणाला येत नाही.

सहा महिन्यांनी एचबीएवनसी ७.८ आली. गोळ्या त्याच होत्या. ७.८ म्हणजे काही आदर्श नाही, अजून खाली यायला हवी. पण ९.२ वरून इथपर्यंत त्या आल्या त्या माझ्या भाषणाने नाही. घरातल्या दोघांनी कामाला हात लावला म्हणून.

परवा त्या आल्या तेव्हा म्हणाल्या, “साहेब, आमच्या ह्यांना पिठलं यायला लागलंय. गुठळ्या होतात, पण खातो.”

मंडळी, घरचं जेवण औषधासारखं आहे हे खरं. पण ते आपोआप होत नाही, आणि केवळ घरचं आहे म्हणून ते सुरक्षितही होत नाही. त्याला कुणाचा तरी वेळ लागतो, हात लागतात आणि लक्ष लागतं. पुढच्या वेळी डॉक्टरांनी तुम्हाला “घरचं खा” असं सांगितलं, तर घरी गेल्यावर ते वाक्य स्वयंपाक करणाऱ्या माणसाकडे ढकलू नका. आधी विचारा, “यातलं मी काय करू?”

आणि आज रात्री झोपण्याआधी ओट्यावर एक नजर टाका. भात बाहेर राहिला नाही ना?

काळजी घ्या. भेटू पुढच्या लेखात.